दहा टक्क्यांची अळीमिळी

नागोयाजवळच्या एका मोटार कंपनीत कुरामोची तादाओ बावीस वर्षं एकच गोष्ट शोधत होता: गाडीच्या बॅटरीत आत्ता किती जीव उरलाय. बॅटरीच्या पोटात डोकावता येत नाही, म्हणून त्यानं संगणकात तिची हुबेहूब नक्कल उभी केली होती. खरी तापली की नक्कल तापायची, खरी थकली की तीही थकायची. बायकोच्या मनात काय चाललंय हे या गृहस्थाला कधी उमगलं नाही, पण बॅटरीचं मात्र अचूक.

अचूक, पण कबूल करायची छाती नाही! गाडी वाटेत बंद पडली तर साहेबांची मान खाली जाईल, म्हणून उत्तर पुढे पाठवताना तो गुपचूप दहा टक्के कमी दाखवी. पुढे गाडीतला काटा बसवणारा स्वतःचे आणखी पाच कापी. कुणी कुणाला सांगायचं नाही, अळीमिळी गुपचिळी. तिथं याला नम्रता म्हणतात. मला विचाराल तर शुद्ध भेकडपणा.

यंदा मात्र गळ्याशी आलं. बॅटरीवाले आणि हायड्रोजनवर गाडी चालवू बघणारे, दोघांनाही पोसायची कंपनीची तयारी नव्हती. संचालक ओनोदेरांनी बॅटरीवाल्यांना सांगून टाकलं, "एका चार्जवर चारशे किलोमीटर, डोंगरावरच्या तळ्यापर्यंत. पोचलात तर तुमचा विभाग राहील, नाहीतर कुलूप."

गाडी चालवायला फुकामीबाई, चाचणीच्या गाड्यांवर केस पिकलेल्या. शेजारी ओनोदेरा, मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन कुरामोची. तळं अकरा किलोमीटरवर असताना काटा शून्यावर आला. शून्याला थांबायचं हा कंपनीचा नियम. बाईंनी मुकाट्यानं वळणावर गाडी कडेला घेतली.

"साहेब, हिच्यात दम आहे अजून. माझ्या पायाला कळतंय."

"पायाचं काय सांगता, बाई? कुरामोची बसलेत ना मागे." ओनोदेरा वळले. "काय हो, आहे का काही शिल्लक?"

लॅपटॉपवर ढळढळीत पंधरा टक्के दिसत होते. एक वाक्य बोलायचं होतं मेल्यानं! बावीस वर्षांचं सोनं झालं असतं. पण मग इतकी वर्षं लपवत होतं कोण, हेही निघालं असतं. त्यानं लॅपटॉप हळूच मिटला.

"काटा शून्य म्हणतोय, साहेब."

"मग शून्यच."

टोचनगाडी आली. तिच्या ड्रायव्हरनं वळण बघून डोकं खाजवलं. "इथं चढवायला जागा नाही हो. वर तळ्यापाशी मैदान आहे. तिथवर येईल का ही?"

"न यायला काय झालं!" बाई म्हणाल्या.

आणि आली की! टोचनगाडीच्या मागोमाग, चढण चढत, अकराच्या अकरा किलोमीटर. ओनोदेरा झाडं बघत होते, कुरामोची स्वतःचे बूट. बाईंनी गाडी तळ्याच्या कठड्याशी उभी केली आणि त्यांना हसूच आवरेना. "अहो, पोचलो की!"

"चाचणी खालीच संपली, फुकामीबाई," ओनोदेरा म्हणाले. "कागदावर तसंच येईल. थोडक्यात हुकलं, कुरामोची."

"माझीच चूक, साहेब," म्हणत कुरामोची कमरेत वाकला.

सोमवारी अहवाल टेबलावर आला: गाडी अकरा किलोमीटर अलीकडे थांबली, विभाग बंद करावा. त्या कचेरीत सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात, आणि खालच्या माणसाचा शिक्का साहेबांच्या शिक्क्याच्या चौकटीकडे थोडा कललेला लागतो, वाकून नमस्कार केल्यासारखा. कुरामोचीनं नीट कोन साधला आणि शिक्का उमटवला.