चिंच-मिठानं घासलेला धवला

नेरूळच्या एका कॉलेजात जयमाला ग्रंथपाल होती, आणि तिला एक खूळ लागलं होतं. चांगलं खूळ, पण खूळच. खाडीकाठच्या जुन्या गावांतली गाणी कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवायची. बाई मूळची चिपळूणची, राहायची सीवूड्सच्या फ्लॅटात. आगऱ्यांच्या लग्नगाण्यांशी हिचा संबंध काय? पण एकदा करावे गावात लग्नाला गेली, तिथं हळदीला पुतळा नावाच्या धवलारणीचा धवला, म्हणजे लग्न लावायचं गाणं, ऐकला, आणि हरखली ती हरखलीच. सगळं लग्न गाण्यातून लावणारी ती म्हातारी, आणि तिच्यामागं शिकलेलं कुणी नाही.

पुतळा सहजी बधली नाही. मांडव नाही, हळद नाही, नुसत्या यंत्रापुढं धवला कसा गायचा, असं तिचं म्हणणं. जयमालानं तिचा उंबरा झिजवला, तेव्हा कुठं म्हातारीनं अट घालून होकार दिला.

“मी ऱ्हायली नाय, त आमचे स्नेहलचे हलदीला माजा आवाज घेऊन ये. माजी नात धवल्याबिगर नको ऱ्हायला.”

जयमालानं शब्द दिला. कॅसेटी भरल्या, कॉम्प्युटरवर चढवल्या, आणि तुर्भ्याला एकाकडे खेपा घालून त्याची एक सीडी करून आणली. सत्त्याण्णव साली हे केवढं अप्रूप! कॉलेजात जो तो ती सीडी उन्हात धरून रंग बघून गेला. ऐकली मात्र कुणी नाही.

मग तिनं संस्थेच्या सचिवांकडं, हौसेरावांकडं, लकडा लावला. शिकवून तयार केलेली दोन माणसं द्या, दुसरी सीडी करून वेगळ्या इमारतीत ठेवू द्या, अधूनमधून लावून तपासणारं कुणीतरी नेमा. मी एकटी कुठं कुठं पुरू? हौसेरावांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

“अहो ताई, एका सीडीला किती माणसं लावायची? ती काय तान्हं पोर आहे?”

शेजारी बसलेली संस्थेची समिती खो-खो हसली. जयमालाही हसली, आणि लायब्ररीत येऊन रडली. पुढं ॲडमिशनच्या दिवसांत कॉम्प्युटर ऑफिसात गेला आणि जागा हवी म्हणून गाणी पुसली गेली. कॅसेटींवर गॅदरिंगची नाच-गाणी भरली गेली. कुणी विचारलं नाही, कुणाला वाईटही वाटलं नाही. उरली ती कपाटातली सीडी.

कपाटाची किल्ली पंढरीकडं असायची. पंढरी लायब्ररीतला शिपाई, दिघ्याहून यायचा. आपल्या मदतीला कुणी नाही म्हणून जयमाला रोज तणतणायची, आणि पंढरी रोज ते कपाट पुसून त्यापुढं उदबत्ती लावायचा. सीडीला हात लावायचा नाही, एवढंच तिनं त्याला बजावलं होतं. का नाही, ते सांगायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नाही. मदतीची माणसं म्हणजे तिच्या लेखी कुणी बी.एस्सी. वगैरे!

श्रावणात पुतळा गेली. पाठोपाठ दसरा आला. जयमाला चिपळूणला गेली होती. कॉलेजात यंत्रांची पूजा झाली, टाइपरायटरला झेंडूचा हार पडला. पंढरीला वाटलं, ताईंचं सगळ्यात मोलाचं हत्यार कपाटातच, त्याला पूजा नको? त्यानं सीडी काढली, चकाकत्या अंगाला ओलं हळदकुंकू लावलं आणि मनोभावे हात जोडले. दुसऱ्या दिवशी बघतो तर डाग वाळून बसलेले. ताई रागावतील! मग घरी देवाची पितळी उपकरणी घासतात तशी त्यानं ती चिंच-मिठानं घासली. भोकात बोट घालून, मधला भाग अंगठ्यानं दाबून, कडेपर्यंत खसाखसा. धुतली, पुसली, ठेवून दिली.

स्नेहलची हळद मे महिन्यात निघाली. जयमालानं सीडी बाहेर काढून उजेडात धरली, तर चकाकी जाऊन नुसते ओरखडे. पंढरीनं आपण होऊन सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही केलंय, हेच त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

“ताई, देवासारखी जपली हो मी.”

तिला त्याच्यावर ओरडता येईना. ओरडायचं कुणावर, हे तिला पक्कं कळलं होतं, आणि त्यांत ती स्वतःही होती.

तरी शब्द दिलेला. ती सीडी आणि एक प्लेअर घेऊन करावेला गेली. स्नेहल हळद लावून पाटावर बसलेली, बायका दाटीवाटीनं भोवती. कुणीतरी सगळ्यांना गप्प केलं. जयमालानं देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

सीडी मधून सुरू होऊन कडेकडे वाजत जाते, आणि मधला, पंढरीच्या अंगठ्याखालचा भाग तेवढा वाचला होता. आधी जयमालाचाच आवाज आला, पुस्तकी, लांबलचक: धवल्याचं महत्त्व, लोकवाङ्मय, परंपरा. ऐकताना तिला स्वतःचीच घृणा आली. मग खोकल्याचा आवाज, बांगड्यांची किणकिण, आणि पुतळा.

“गाऊ का आता, पोरी?”

पुढं नुसती खरखर, मग तीही थांबली. पुतळाच्या मागं नुसती ओळ झेलणारी काशी, कानानं अधू झालेली, प्लेअरजवळ सरकून बसली होती. तिला वाटलं, पुतळा आपल्यालाच विचारतेय.

“गा गो,” काशी म्हणाली, आणि वाट बघत बसली.