शिगेनो-सानचा काळा पाइन

माझं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, दुकान आणि शिगेनो-सानचं घर समोरासमोर. तिच्या दारात काळा पाइन होता, एक लांब फांदी फाटकावर आडवी धरलेला. शिकोकूच्या या किनाऱ्यावर तसा देखणा पाइन दुसरा नव्हता. माळ्याच्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून छाटणी तिच्याच हातची. नवरा गेला तरी तिनं शिडी सोडली नाही. कोणी त्याला लाल पाइन म्हटलं की उसळायची.

"डोळे फुटलेत का? लालच्या सुया मऊ. ह्याच्या जोडीजोडीनं, जाड, टोचणाऱ्या! साल बघा, काळी, भेगाळलेली. कळ्या पांढऱ्या!"

मग रस्ता रुंद करायचं ठरलं, झाड तोडणार. ती म्हणाली, शाळेच्या पटांगणात हलवू. बाकीचे माळी हसले. "एवढं म्हातारं झाड हलवलं की मेलंच समजा." पण बाई हट्टाला पेटली. वर्षभर आधीच मुळं गोलाकार छाटून ठेवली, म्हणजे आत नवी बारीक मुळं फुटतील. थंडी सरताना झाड हलवलं. नव्या खड्ड्यात, मुळांना बळ यावं म्हणून, रिवाजाप्रमाणे समुद्रातले सुकवलेले माकूळ ठेवले आणि ओतायला माझी सगळ्यात चांगली साके मागितली.

"ही लग्नकार्यासाठी राखलीय, आणि तुम्ही झाडाला पाजताय?"

"भारीच कंजूष बुवा तुम्ही! त्याला जखमा झाल्यात, तुम्हाला काय झालंय?"

दिली बाटली. करतो काय!

झाड हिरवंगार राहिलं. मुख्याध्यापकांनी सत्कार ठेवला, तर ही गेलीच नाही. "नखरे कसले हे?" मी चिडून विचारलं.

ती पायरीवर बसली. "पाइन मेला तरी महिनोन्महिने हिरवा दिसतो. आमचे हेही शेवटपर्यंत हसतच होते. कोंब येईपर्यंत मला कोणी शाबासकी देऊ नका." त्यानंतर मीही रोज शाळेच्या कुंपणापर्यंत चक्कर मारू लागलो.

मे महिन्यात पांढरे कोंब वर आले, आधी बोटभर, मग वीतभर. शिगेनो-सान पटांगणात फतकल मारून हमसाहमशी रडली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

एरवी या दिवसांत ती आकारासाठी कोंब खुडायची. यंदा एकालाही हात लावला नाही. पाइनच्या पार झिंज्या झाल्या. माळी बघायला आले आणि टोमणे मारू लागले, "काय हा अवतार! हात थकले वाटतं तुमचे?"

बुंध्याभोवतीचा पेंढा सारखा करत ती म्हणाली, "बाळंतिणीची वेणीफणी कोणी बघतं का? आधी ती वाचली का, ते बघतात."