दोन डोक्यांची शिंदी

१५ मे. विहिरीजवळची शिंदी तोडायची, हे त्या दिवशीचं काम. झाडं कापणारा मशीनवाला सकाळी जानेफळहून यायचा होता. फोनवर म्हणाला, उद्या येतो. तोवर मी विळ्यानं तिच्या वाळलेल्या झावळ्या छाटायला घेतल्या. त्यांच्या बुडाशी लांब काटे असतात. मशीनवाला ते काढत बसत नाही.

शिंदी खजुरीसारखी एकाच सरळ खोडानं वाढते. आमची मात्र माणसाच्या उंचीवर दुभंगली आहे. सासरे सांगायचे, ती लहान असताना वादळात लिंबाची फांदी पडून तिचा शेंडा मोडला. शेंडा गेला की शिंदी मरते. ही मेली नाही, तिला दोन शेंडे फुटले. का, ते मला माहीत नाही. एक शेंडा सरळ वर गेला, दुसरा विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे कलला. मेच्या वावधनात, वादळी वाऱ्यात, तो पत्र्यावर पडला तर खालचा स्टार्टर जाणार आणि शेतातली वांगी पाण्यावाचून वाळणार. कललेलं तेवढं काप म्हटलं, तर मशीनवाला म्हणाला, फाट्यातून चिरलं तर दुसरंही खाली येईल.

आमच्या घरात गरोदर बाई जुळं केळं खात नाही. तसंच या झाडाची फळं, म्हणजे शिंदोळ्याही खात नाही, जुळं होईल म्हणून. माझ्या वेळी सासूबाईंनी हातावर चापट मारून शिंदोळ्या खाली पाडल्या होत्या. मी त्या उचलून, धुऊन खाल्ल्या. मला एकच मुलगी झाली.

दहाच्या सुमारास मोठी जाऊ बांधावरून आली, मागे तिची सून. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही.

"तोडून राह्यली काय वं?" जाऊ लांबूनच म्हणाली.

"उद्या तोडतो."

"पिकू दे ना शिंदोळ्या. इले खाऊ घालाच्या हायेत. दोघं नको, एक तरी होईन."

"मी खाल्ल्या होत्या बाई. काय झालं?"

"तू कुठं मनातून खाल्ल्या! तू त सासूवरच्या रागानं खाल्ल्या."

हे खरं होतं, म्हणून मी हसले. पण पिकायला पाऊस लागावा लागतो, वारं त्याआधी येतं, हे तिला सांगितलं. ती "पाह्य बापा तूच" म्हणून निघून गेली. सून मात्र हिरव्या घडांकडे पाहत उभी राहिली, मग सासूच्या मागे गेली.

दुपारी सून एकटी आली. हातात रिकामी घागर होती, म्हणजे पाण्याच्या निमित्तानं.

"काकू, मले माहीत हाय, शिंदोळीनं काही होत नसते."

"मग काऊन पाह्यजे?"

"आत्याबाईनं कबूल केलं," ती सासूबद्दल म्हणाली. " शिंदोळ्या खाऊनही नाही झालं, त अकोल्याच्या डॉक्टरकडे आम्हा दोघायले पाठवतीन. दोघायले. आतापर्यंत माह्याच तपासण्या झाल्या. ह्यायची एकही नाही." घागर दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, "झाड तोडलं त म्हणतीन, उपाय त झालाच नाही. मंग कायचा डॉक्टर?"

"नवरा काय म्हणते?"

"मायनं म्हटलं त येतो म्हणते."

मी घागर भरून दिली. ती गेल्यावर विळा कुडाला खोचला आणि मोटारीच्या खोलीभोवती एक फेरी मारली. चार खांब, सहा पत्रे, एक स्टार्टर. झाड हलणार नव्हतं, खोली हलू शकत होती. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नव्हती, कारण मी झाडाकडेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. वायरमनला बोलावून स्टार्टर सोडवून घेतला. मग नवऱ्याला शिडीवर चढवलं, खालून मी पत्रे धरले, आणि विहिरीच्या पलीकडच्या काठावर, शिंदी पोहोचणार नाही इतक्या लांब, खांबांसाठी खड्डे खणायला घेतले.