तबेल्यातले नगरसेवक

भाऊंच्या अंगाला म्हशींचा वास यायचा. पेंड, शेण आणि निरसं दूध यांचा मिळून झालेला, साबणाने न जाणारा वास. स्टेशनजवळच्या आपल्या दुकानात ते शिरले की गिऱ्हाईक मान वर न करताच म्हणायचं, "भाऊ आले." मी दोन वेळा आंघोळ करणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा, मालाडच्या कारखान्यात सुपरवायझर. माझ्या शेजारी बाकावर कुणी दोन मिनिटं टेकत नसे आणि या माणसाभोवती सकाळपासून घोळका. आडवळणाने कशाला सांगू, मी जळायचो त्यांच्यावर.

कांदिवली पूर्वेला, हायवेच्या अलीकडे त्यांचा तबेला होता. तबेला म्हटला की मालक उत्तरेकडचा, असं सगळे धरून चालायचे. त्यामुळे मालवणकडचा माणूस म्हशी पाळतो याचंच लोकांना कौतुक. तबेला, स्टेशनजवळ पेंड-सरकीचं दुकान, त्याला लागून दुधाची डेअरी, आणि पुढे नगरसेवकपद. एवढं सगळं एका माणसाने करावं आणि वर त्याला रात्री शांत झोपही लागावी, हे मला पटत नसे.

नगरसेवक झाल्यावरही त्यांनी ऑफिस काही थाटलं नाही. काम असेल त्याने सकाळी तबेल्यात यायचं. भाऊ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून गव्हाणीत वैरण टाकत असायचे. माणूस तक्रारीला सुरुवात करायचा, दुसऱ्या वाक्याला भाऊ हात पुसायचे आणि म्हणायचे, "चला, दाखवा." आणि खरंच निघायचे. गटार तुंबलेलं असो, दिवा गेलेला असो, तक्रार करणाऱ्याला त्यांच्यामागून धावावं लागायचं. अर्ध्याअधिक लोकांची तक्रार वाटेतच निम्मी व्हायची.

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. नळाला पाणी येत नव्हतं म्हणून वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या मी झिजवल्या होत्या. भाऊ निवडून आले आणि एका सकाळी इंजिनीयरला स्कूटरवर मागे बसवून थेट आमच्या नळाखाली घेऊन आले. त्याच्या हातात दुधाचा ग्लास दिला आणि म्हणाले, "साहेब, हे सावकाश प्या. पिऊन होईपर्यंत पाणी आलं तर मी माफी मागून परत जातो." इंजिनीयर घोट घोट करत प्यायला, पण दूध शेवटी किती पुरणार? थोड्याच दिवसांत नवी पाइपलाइन आली. सगळी सोसायटी भाऊंचं नाव घेत होती.

"त्या लाइनसाठी मी मर मर मेलो," मी घरी म्हणालो.

"अहो, पाणी आलं ना?" आमची सुमन हंडा लावत म्हणाली. "मग कुणामुळे का येईना. तुमच्या नावाने वेगळी धार येणार होती का?"

माझ्या बायकोनेही त्यांचीच बाजू घ्यावी, म्हणजे हद्द झाली.

त्यांना बोलता येत नाही असं ते स्वतःच सांगायचे, आणि बोलायचे ते मात्र लोकांच्या कायमचं लक्षात राहायचं. निवडून आल्यावरच्या सत्कारात ते म्हणाले होते, "दूध पातळ लागलं तर माझ्याकडे या. नळाला पाणी नसलं तरी माझ्याकडेच या. पण दोन्ही तक्रारी एकाच दिवशी आणू नका, लोक नको तो अर्थ काढतील." मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. माझं भाषण त्यांच्या आधी झालं होतं. चांगलं मुद्देसूद होतं. ते आज कुणालाही आठवत नाही.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण त्यांनी माझे वडील नेले.

आप्पा गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. आई त्याआधीच गेली होती. आप्पा आमच्याकडे कांदिवलीला राहायला आले आणि गप्प झाले. जेवलात का, तर हो. बरं नाही का, तर बरं आहे. मी त्यांना पेपर आणून दिला, रेडिओ दुरुस्त करून दिला, बागेत फिरायला जा म्हणून रोज सांगितलं. ते खिडकीशी बसून राहायचे. एकदा भाऊ कसल्याशा कामाने आमच्याकडे आले, त्यांनी आप्पांकडे पाहिलं आणि सरळ मालवणीत म्हणाले, "आप्पानू, घरात बसून काय करतास? माझ्यावांगडा चला."

आप्पांनी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले. मी किती दिवस डोकं फोडत होतो, आणि ह्यांचं एका वाक्यात काम झालं.

त्यानंतर आप्पा पहाटेच तबेल्यात जायचे. गावाकडे लहानपणी त्यांनी धारा काढल्या होत्या, तो हात अजून शाबूत होता. गोदा नावाची एक तापट म्हैस होती. ती कुणाला जवळ येऊ देत नसे, पण आप्पांच्या हाताला लगेच पान्हावायची. घरी परतले की त्यांच्याही अंगाला तोच वास. कारखान्यात जाताना मी तबेल्यावरून जायचो, तेव्हा आतून आप्पांचा आवाज यायचा. सलग, न थांबता बोलण्याचा, मधूनच हसण्याचा. दारातून भाऊंची पाठ दिसायची. मी सायकल जोरात हाणायचो. घरी माझ्या वाट्याला 'बरं आहे' आणि भाऊंच्या वाट्याला हे सगळं.

मग आजूबाजूला नव्या इमारती उठल्या. तबेल्याचं पाणी त्यांच्या गटारात जायला लागलं, पण नगरसेवकाविरुद्ध नगरसेवकाकडेच कोण जाणार? शेवटी एक बाई धीर करून गेल्या. भाऊंनी हात पुसले आणि म्हणाले, "चला, दाखवा." आपल्याच तबेल्याच्या मागे जाऊन ते गटारावर ओणवे होऊन बघत राहिले. "घाण आहे," म्हणाले. वॉर्ड ऑफिसात जाऊन स्वतःच सांगून आले की तबेला हलवतोय. विरारच्या पुढे जागा बघितली, आणि नगरसेवकपदाची मुदतही संपत आली होती, तेव्हा स्वतःही तिकडेच राहायला जायचं ठरवलं. तक्रार करणाऱ्या बाईंनीच निरोपाच्या हाराची वर्गणी काढली. मला वाटलं होतं, निदान जाताना तरी हा माणूस थोडा लहान होईल. तो आणखी मोठा होऊन चालला होता.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊ घरी आले. आप्पा देवळात गेले होते, ते बघूनच आले असावेत.

"सदा, एक मागायचंय," ते म्हणाले. "म्हशी नव्या जागेत बुजतात. ओळखीचा हात नसला तर पान्हा चोरतात. आप्पा थोडे दिवस आले तर बरं होईल. त्यांना अजून विचारलं नाही. तू नको म्हणालास तर विचारणारही नाही."

माझा तोल गेला. "भाऊ, वॉर्ड तुमचा, मान तुमचा. आता माझे वडीलही न्या. घरात हा माणूस तोंड उघडत नाही आणि तुमच्याशी तास तास बोलतो. काय बोलता तुम्ही एवढं?"

भाऊ चक्रावले. "माझ्याशी? माझ्याशी कुठे बोलतात रे ते? मी आपला पलीकडच्या म्हशीखाली असतो. ते गोदाशी बोलतात, धार काढताना. गिरणीचं, गावचं, तुझ्या आईचं. मी सुरुवातीला मध्ये एकदा तोंड घातलं, तर गप्प झाले. तेव्हापासून मी गप्प असतो."

"आईचं काय बोलतात?"

"ते मला सांगितलेलं नाही ना त्यांनी," भाऊ म्हणाले. "मग मी तुला कसं सांगू?"

नाही हा शब्द माझ्या ओठांवर होता. पण हातात वाटी घेऊन सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि भाऊ उत्तराची वाट बघत दाराशी थांबले होते.

"न्या त्यांना," मी म्हणालो.

सकाळी ट्रक लागले. भाऊंना हारावर हार पडले, ते त्यांनी काढून म्हशींपुढे टाकले. आप्पांना त्यांनी केबिनमध्ये आपल्या शेजारी बोलावलं, पण आप्पा मागेच चढले, गोदाजवळ. माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला. ट्रक सुरू झाला तशी म्हैस बिथरली आणि आप्पा तिच्या मानेवर हात फिरवत बोलायला लागले.

मी ट्रकच्या बाजूने नाक्यापर्यंत चालत गेलो. आप्पांचे ओठ हलताना दिसत होते, पण इंजिनाच्या घरघरीत मला एकही शब्द ऐकू येत नव्हता. केबिनच्या पाठीमागची छोटी खिडकी भाऊंनी उघडून ठेवली होती.