अखिल भारतीय बाटली संघ आणि एक खड्डा

आमच्या संघाच्या नावात ‘अखिल भारतीय’ घालायचं, हा हट्ट माझा नव्हता. तो माझ्या अकोल्याच्या वकील मित्राचा. त्या वेळी सभासद म्हणजे आम्ही दोघंच, आणि दोघंही वऱ्हाडातले. मी म्हटलं, निदान ‘वऱ्हाड’ तरी म्हणू, लोक हसतील. तो म्हणाला, “लहान नावाच्या संस्थेले कोणी विचारत नाई लेका. नाव मोठं ठेव, माणसं मागून येतीन.”

आणि माणसं आली की. वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात दिली, तर नागपूर, इंदूर, हैदराबाद आणि पुढे थेट कलकत्त्याहून पत्रं आली. जुन्या रिकाम्या बाटल्या जमवणारी माणसं देशभर विखुरलेली होती, आणि हे वेड आपल्या एकट्यालाच लागलंय असं प्रत्येकाला वाटत होतं. आमच्या पत्त्यावर लिहिताना त्यांचा जीव भांड्यात पडत असावा. माझाही पडला होता.

माझं अमरावतीला औषधांचं दुकान होतं. वडिलांच्या वेळच्या बाटल्या माळ्यावर पडलेल्या होत्या, त्या पुसता पुसता नाद लागला. विषारी औषधाची निळी बाटली घ्या. तिच्या अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या रेघा असतात, अंधारात हाताला लागलं तरी माणूस सावध व्हावा म्हणून. सोड्याची गोटीची बाटली घ्या, शाईची दगडी बाटली घ्या. बाटलीचं वय तिच्या सांध्यावरून कळतं. साच्याच्या दोन अर्धुकांची रेघ अंगावरून वर चढत जाते. ती खांद्यापाशी थांबली तर बाटली जुनी, थेट ओठापर्यंत गेली तर यंत्रावरची, म्हणजे आपल्याच काळातली. आणि सांधाच नसला, तळाला काच फुंकायची नळी तोडल्याचा खरखरीत वण असला, तर मग आमच्यासारखा माणूस जेवण विसरायचा. बायको म्हणायची, “लोकायच्या घरातून रिकाम्या बाटल्या बाहेर जातेत, अन् आपल्या घरात येऊन राह्यल्या.” नातेवाइकांत कुजबूज वेगळीच होती. इतक्या बाटल्या रिकाम्या कोण करतं, असा त्यांचा प्रश्न असे.

मित्र आणि मी अमरावतीला एकाच शाळेत, एकाच बाकावर होतो. तो वकिली करायला अकोल्याला गेला आणि तिथलाच झाला. तो बोलण्यात पटाईत, मी हाताने काम करणारा. त्याने मला अध्यक्ष केलं आणि स्वतः चिटणीस झाला, म्हणजे सगळा कारभार त्याच्याकडे आणि हार माझ्या गळ्यात. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. मला तो सख्ख्या भावापेक्षा जवळचा होता.

दर उन्हाळ्यात प्रदर्शन भरायचं, एक वर्ष अमरावतीला, एक वर्ष अकोल्याला. अमरावतीच्या खेपेला पाहुणे बडनेऱ्याच्या स्टेशनवर उतरायचे आणि हमालाला पेटीला हात लावू द्यायचे नाहीत. आमच्या भागात बाटल्या बांधायला कागदाची गरज नव्हती. सरकी काढलेला कापूस मुबलक होता. प्रदर्शन संपलं की परतीच्या पेट्यांत आम्ही तो ठासून भरून द्यायचो. कलकत्त्याचे गृहस्थ म्हणत, बाटलीपेक्षा तुमचा कापूसच आमच्या घरात जास्त आवडतो.

संघाचे नियम मित्राने लिहिले, अगदी वकिली भाषेत. प्रदर्शनात विक्री नाही, हा एक. दुसरा खड्ड्याचा. जुन्या बाटल्या सापडतात त्या जुन्या कचऱ्याच्या खड्ड्यांत. ज्याला खड्डा सापडला, त्याचा तो. त्याने स्वतः होऊन सोडल्याशिवाय दुसऱ्या सभासदाने तिथे कुदळ लावायची नाही. “हा नियम नसला तर आपण चोर अन् भंगारवाले,” असं मित्रानेच पहिल्या सभेत उभं राहून सांगितलं होतं. टाळ्या मीच सुरू केल्या होत्या.

आणि खड्डा मला सापडला. सातपुड्यात, चिखलदऱ्याला एका जुन्या, बंद पडलेल्या बंगल्याच्या मागे. आम्ही नवराबायको दिवाळीच्या सुट्टीत तिथे गेलो होतो. मागच्या उतारावर घाणेरीच्या झुडपात दगडाने बांधलेल्या कडा दिसल्या. साहेबांचे खानसामे वर्षानुवर्षं त्यातच सगळं फेकत आले होते. वर सोड्याच्या बाटल्या, त्याखाली लोणच्या-चटण्यांच्या, त्याखाली औषधांच्या. कोणी हात न लावलेला, थरावर थर. बंगल्याच्या चौकीदाराला मी काय करतोय हे शेवटपर्यंत उमगलं नाही, पण त्याने अडवलं नाही. मी त्या खड्ड्याबद्दल जगात एकाच माणसाला सांगितलं.

त्यानंतर दर दिवाळीत मित्र आणि मी परतवाड्याहून बसने वर जायचो. मी हट्टाने ठरवलं होतं की घाई करायची नाही. वरून खाली, एका वेळी एक थर. कुठली बाटली कुठे, कशी पडली होती, आडवी की उभी, तिच्या शेजारी काय होतं, हे सगळं कागदावर काढून घ्यायचं. बाटली धुवायची नाही, आतली माती आत. मला त्या बाटल्या नको होत्या, मला तो खड्डा हवा होता. अमरावतीच्या एका प्रदर्शनात मोठ्या काचेच्या पेटीत तो जसाच्या तसा उभा करायचा, तीच माती, तेच थर, तळापर्यंत, हे माझं स्वप्न होतं. पेटीवर आमची दोघांची नावं.

तळाशी काय असेल, यावर आमचं येता-जाता बसमध्ये भांडण व्हायचं. तो म्हणायचा, दारूची काळी बाटली, फुंकून केलेली. मी म्हणायचो, औषधाची. पहिला साहेब इथे तापाने फणफणतच आला असणार, त्याने आधी औषध संपवलं असेल, दारू मागून. “तू औषधवाला, म्हणून तुले औषध दिसते,” तो म्हणायचा. “अन् तुले?” मी विचारायचो. मागच्या बाकावरचे लोक आमच्याकडे वळून पाहायचे.

थर अर्धा राहिला की खणणाऱ्याने तिथे एक नवी बाटली उपडी पुरून ठेवायची, ही आमची रीत. म्हणजे पुढच्या खेपेला कळतं की इथपर्यंत झालं, याखालचं शिवलेलं नाही. मी दुकानातली साधी मिक्श्चरची बाटली नेली होती. इंजेक्शनची काचनळी कापायच्या छोट्या कानशीने तिच्या तळावर दोन ‘अ’ कोरले, अमरावतीचा आणि अकोल्याचा. मित्राने ती स्वतःच्या हाताने उपडी ठेवली आणि वर माती दाबली.

पुढे राज्य बदललं. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली आणि आमच्याकडे सगळ्यांनाच मुंबईकडे तोंड करून बसायची सवय लागली. त्याच सुमाराला मुंबईचे एक गृहस्थ संघात आले. श्रीमंत माणूस, स्वतःची मोटार, घरात म्हणे भिंतभर काचेची कपाटं. आमच्या अमरावतीच्या प्रदर्शनात ते हात मागे बांधून फिरले आणि म्हणाले, “छान आहे. घरगुती आहे.” मला ते कौतुकच वाटलं. मित्राचा चेहरा मात्र उतरला. रात्री जेवताना तो दोनदा म्हणाला, “घरगुती म्हणाला बे तो.” त्यानंतर त्याची पत्रं आखूड होत गेली. कोर्टाची कामं वाढली असतील, असं मी समजलो. दिवाळीत खड्ड्यावर यायचंही त्याने पाठदुखीचं सांगून टाळलं. एकट्याने खणणं मला बरं वाटेना, म्हणून मीही गेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात प्रदर्शन अकोल्याला होतं. हंगाम संपल्यामुळे एका जिनिंगचं गोदाम रिकामं होतं, तिथे मांडणी केली होती. बाहेर अकोल्याचं ऊन, आत कापसाचं तूस उडत होतं आणि बाटल्यांना चिकटत होतं. मधोमध एक भलंमोठं कपाट, वर लाल कापड, आत विजेचे दिवे सोडलेले. मुंबईच्या गृहस्थांनी कापड ओढलं. ‘सातपुड्यातील एका बंगल्याचा ठेवा’ अशी पाटी होती, खाली त्या गृहस्थांचं नाव. निळ्या बाटल्या निळ्यांजवळ, हिरव्या हिरव्यांजवळ, सगळ्या तेजाबाने धुऊन लखलखीत. लोकांच्या तोंडून आवाज निघाला. सांगायला लाज वाटते, पण टाळ्या मीही वाजवल्या. सातपुड्यात बंगले काय थोडे होते!

मग मी जवळ गेलो. बिनरंगाच्या बाटल्यांच्या रांगेत एक साधी मिक्श्चरची बाटली उभी होती. तिच्या तळावर दिवा नीट पडावा म्हणून खाली आरसा ठेवला होता, आणि आरशात दोन ‘अ’ दिसत होते. शेजारी छापील पट्टी होती: ‘अतिशय जुनी. खूण अज्ञात.’

गृहस्थ माझ्या शेजारी आले. “तुम्ही औषधांतले,” ते म्हणाले, “ही खूण कुठल्या कारखान्याची असेल?” मित्र त्यांच्या पलीकडेच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने एक शब्द बोलायचा होता, फक्त एक, ‘ही आमची’ एवढा. मी थांबलो. तो कपाटाच्या बिजागरीकडे पाहत राहिला.

“यंत्रावरची आहे,” मी म्हणालो. “सांधा ओठापर्यंत गेला आहे.”

गृहस्थ हसले. “मग ही कचऱ्यातली,” म्हणाले, आणि ती काढून त्यांनी नोकराच्या हातात दिली. नोकराने ती दाराबाहेर नेली. मित्राने तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही. मला चोराचा राग येतो, पण हा राग तसला नव्हता. ज्याच्यापासून कधी काही लपवलं नाही, त्यानेच मला आतून पोखरून ठेवलं होतं, आणि मला टाळ्या वाजवायला बोलावलं होतं.

दुपारी सभा झाली. संघाची कचेरी मुंबईला हलवावी, गृहस्थांनी आश्रयदाते व्हावं आणि माझ्या मित्राने सरचिटणीस, असा ठराव आला. अध्यक्ष मीच, तेव्हा तो मांडायचं कामही माझ्याच नशिबी. हात वर झाले. जे इतकी वर्षं माझ्या घरी भाकरी-ठेचा खाऊन गेले त्यांचेही झाले. त्यांचा दोष नाही, त्यांना काही माहीत नव्हतं, आणि मी काही सांगितलं नाही. सांगून काय सिद्ध करणार होतो? कागदावर काढलेले थर माझ्याकडे होते, पण थरच उरले नव्हते. त्या खड्ड्यात कोणती बाटली कोणावर पडली होती, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

सभा संपल्यावर मी गोदामाबाहेर, गाठी तोलायच्या काट्यापाशी सावलीत उभा राहिलो. मित्र पन्ह्याचा पेला घेऊन आला. मी घेतला नाही. तो त्याने काट्यावर ठेवला.

“तुले सांगणारच होतो,” तो म्हणाला.

“कधी?”

“तू हो म्हटलं नसतं.”

“म्हणून सांगितलं नाई.”

“अरे, वर्साले वीतभर खणून राह्यलो आपण. आपण मरून जातो अन् खड्डा तसाच राह्यते. आता सारा देश पाहून राह्यला. तुह्यं नाव टाकलं ना कार्यकारिणीत. पाह्यलं नाई तू?”

“पाह्यलं.”

“मंग? कायले तोंड पाडून बसला?”

त्याला खरंच कळत नव्हतं, की तो कळत नसल्याचं दाखवत होता, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पस्तिशीपुढची आम्ही माणसं, सगळं आयुष्य एकमेकांना दिलेलं. त्याची गचांडी धरावी असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी एक गोष्ट मला त्याच्याकडूनच हवी होती. त्याच्याशिवाय ती मला दुसरं कोणी देऊ शकणार नव्हतं. मी राग गिळला आणि विचारलं.

“तळाशी काय होतं?”

“कायच्या?”

“खड्ड्याच्या. सगळ्यात खाली काय निघालं? दारूची का औषधाची?”

तो आठवल्यासारखं करू लागला. मग त्याने खांदे उडवले.

“मले काय मालूम गड्या,” तो म्हणाला. “मजूर लावले होते त्यानं. लय ऊन होतं, मी मोटारीतच बसून होतो.”