खांद्यावर घोंगडी, तोंडात जपानी

साहेबांनी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि म्हणाले, "हां, आता बोल जपानी."

कंपनीचा हॉल. समोर जपानहून आलेले पाहुणे, बाजूला मॅनेजर लोक, मागे फुलांची कमान. माझ्या हातात काठी. सणसवाडीच्या त्या कंपनीत मी कुठली मेंढरं वळणार होते, देव जाणे. मी कमरेत वाकले. हाजिमेमाश्ते. मी मेंढपाळाची मुलगी आहे. कंपनीनं मला जपानी शिकवलं. मी आभारी आहे. ही वाक्यं साहेबांनी लिहून कुणाकडून तरी जपानीत करून आणली होती. त्यातला नमस्कार तेवढा खरा.

टाळ्या पडल्या. मग एक वयस्कर पाहुणा पुढं आला आणि त्यानं माझ्याकडे बघून सावकाश काहीतरी विचारलं. प्रश्न आहे एवढं कळलं. काय, ते कळलं नाही. 'पुन्हा सांगा' कसं म्हणायचं ते क्लासमध्ये घोकलं होतं. तेही आठवेना. घोंगडीखाली नुसता घाम.

साहेब त्याला इंग्रजीत म्हणाले, "सर, हिच्यात एवढंच रेकॉर्डिंग भरलंय."

सगळे हसले. पाहुणाही हसला. जरा उशिरा, बाकीचे हसतायत म्हणून.

आम्ही खुटबावचे. धनगर. पण मेंढरं माझ्या जन्माआधीच विकली. मी मोठी झाले ती उसात आणि कांद्यात. मेंढरू मी जवळून पाहिलं ते दुसऱ्याचं. ती घोंगडी साहेबांनी दौंडच्या दुकानातून मागवली होती. दुकानाचं लेबल माझ्या मानेला टोचत होतं. माझी संस्कृती मला अशी ढेकणासारखी चावली.

जपानीच्या नादाला मला साहेबांनीच लावलं होतं. मशिनची नवी लाईन बसवायला जपानी इंजिनियर येणार होता. त्याचं बोलणं लाईनवरच्या बायकांपर्यंत पोचवायला कुणीतरी लागणार होतं. साहेब म्हणाले होते, "तू शीक. तुलाच उभी करतो त्याच्या शेजारी." मी ठेकेदाराकडची कामगार. मला कुणी शेजारी उभं करतो म्हटलं, हेच पहिल्यांदा.

दर रविवारी मी शिरूरला क्लासला जायला लागले. मशिनच्या आवाजात शब्द पुटपुटायचे. सुपरवायझरला वाटायचं, मी त्याला शिव्या देते. खोलीतली माझी मैत्रीण शबाना, यवतची, भांडी घासता घासता ओरडायची, "ए जपान, भात करपला बघ!"

क्लासचे सर एकदा म्हणाले, जपानी माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. तो 'चोत्तो' म्हणतो, म्हणजे 'जरा', आणि पुढचं वाक्य हवेत सोडून देतो. समोरच्यानं काय ते ओळखायचं. मला फार आवडलं ते. आमच्याकडे सोयरीक नाकारताना अशीच अर्धी वाक्यं सोडतात.

त्या कार्यक्रमानंतर इंजिनियर आला. त्याच्या शेजारी पुण्याची एक शिकलेली मुलगी उभी राहिली. वाईट नव्हती ती. तिला बोलता येत होतं. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "नाराज होऊ नकोस. तुझं काम वेगळं. आता प्रत्येक पाहुण्याला हाच कार्यक्रम. आणि तो क्लास बंद कर. तू सफाईनं बोलायला लागलीस ना, की त्यातली मजाच जाईल."

मजा. मी क्लास बंद केला नाही.

पुढचे पाहुणे यायच्या आधी साहेब पुन्हा घोंगडी घेऊन आले. मी शिकले होते तसं, श्वास ओढून म्हणाले, "चोत्तो..."

"वा! छान! पण आत्ता नको, ते आल्यावर म्हण."

त्यांना ती तालीम वाटली. मी अर्धं वाक्य सोडलं होतं आणि ते ओळखणारं समोर कुणी नव्हतं. तेव्हा मला लख्ख दिसलं. अर्धं वाक्य फक्त बरोबरीच्या माणसाला ऐकू जातं. आमच्यासारख्यांनी ते सोडलं की वरचे लोक ते आपल्याला हवं तसं पुरं करून घेतात.

मी घोंगडी टेबलावर ठेवली. "न्हाई. मी ही घेणार न्हाई, आन् ते बोलणार बी न्हाई."

"मग शिकलीस कशाला?"

"बोलायला."

"तुझ्याशी कोण बोलणार आहे जपानीत?"

मी वळून लाईनवर गेले. 

त्या दिवशी घोंगडी पॅकिंगमधल्या एका मुलीनं घेतली. ती बिहारची. तिनं मेंढपाळाची मुलगी झकास केली. मला ठेकेदाराचा फोन आला, "उद्यापासून येऊ नगं. गेटचा पास बंद केलाय."

घरी वडलांना, आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "घोंगडी घ्यायला काय झालं व्हतं गं? आपलीच की ती."

"आपली असती तर घेतली असती, आप्पा."

आप्पांनी मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे. पोरीचं काम गेलं म्हणून.

आता मी दुसऱ्या एका शेडमध्ये खोकी चिकटवते. तिथं जपानी तर सोडाच, मराठी बोलायलाही कुणाला वेळ नाही. रविवारी शिरूरला जातेच. सर म्हणतात, उच्चार अजून कच्चे आहेत, परीक्षा अवघड जाईल. गेली तर जाईल. परीक्षा पास झाले तरी दारात कुणी गाडी घेऊन उभं राहणार नाही, हे मला कळतं.

तरी शिकणार. अडखळत, चुकत, लोक हसले तरी. आणि त्या भाषेत काय किंवा ह्या भाषेत काय, दुसऱ्यानं लिहून दिलेलं माझं आयुष्य मी कुणापुढं म्हणून दाखवणार नाही.