घाई नाही, आबा

तार आली तेव्हा मी धुळ्यात, देवपूरच्या आमच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात घुटमळला आणि कागद हातात येण्याआधीच मला कळलं. सुमनवहिनी गेली होती. आठवडाभरापूर्वीच मी रावेरहून परतले होते, निघताना तिने माझा हात सोडला नव्हता, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी वर्ग सोडून नदीवरचा पूल पायी ओलांडताना सारखं वाटत होतं, आता माहेरी जायचं ते कुणाकडे...

सुमनवहिनी माझ्या भाऊची, म्हणजे मोठ्या भावाची बायको. एरंडोलकडची. लग्न होऊन रावेरला आली तेव्हा 'आहे'ऐवजी तिच्या बोलण्यात येणाऱ्या 'शे'ला आमच्याकडच्या बायका हसायच्या, कारण आमच्या भागातली बोली वेगळी. मग तिने बोलणंच कमी केलं. आबांसमोर, म्हणजे आमच्या वडिलांसमोर, तर अजिबात नाही. डोईवरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून ती ताट ठेवायची आणि मागे सरायची. आई आम्ही लहान असतानाच गेलेली. घरात बोलणारं बाईमाणूस नाही, आणि सासरा-सून एका छताखाली राहून एकमेकांचा आवाज ओळखत नाहीत, अशी तीन-चार वर्षं गेली.

मग एका सकाळी केळीच्या गाड्या भरून घेत असतानाच आबा कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी धुळ्याहून पोहोचले तेव्हा त्यांच्या खाटेभोवती चार माणसं होती. एकाने डोकं मागे धरलेलं, भाऊने जबडा उघडलेला, आणि कुणीतरी चमच्याने औषध आत ओतत होतं. आबांना जोराचा ठसका लागला. चेहरा काळानिळा पडला. औषध नाकातून बाहेर आलं. त्यानंतर त्यांनी दात जे आवळले ते कुणासाठी उघडेनात. सारा गाव ज्यांना वचकून असायचा, त्या माणसाचं तोंड लहान मुलासारखं बळजबरीने उघडलं होतं आम्ही. डॉक्टर म्हणाले, "असं ओतू नका, जीव जाईल. बसवून द्या, हळूहळू द्या. घेतलंच नाही तर जळगावला नेऊन नाकातून नळी घालावी लागेल."

नळीचं ऐकून आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भाऊ उठून बाहेर गेला. तेवढ्यात सुमनवहिनी स्वयंपाकघरातून आली. तिने आबांच्या पाठीशी उशा लावल्या, त्यांना नीट बसतं केलं, समोर स्टूल ओढलं आणि पदर मागे सारला. आबांनी आपल्या सुनेचा चेहरा इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला असेल. ती तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "आबा, मी सुमन शे. दवाई कडू शे. पन लेनी पडी."

आबा तिच्याकडे बघत राहिले. ती चमचा ओठाशी धरून नुसती बसली. किती वेळ, कोण जाणे... मग त्यांचे ओठ सुटले. पिकलेलं केळं घोटून त्यात तिने गोळीची पूड कालवली होती. एवढासा घास ठेवून ती त्यांच्या गळ्याकडे बघत थांबली. "हाऊ घोट उतरू द्या. घाई नही शे." गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली तेव्हाच दुसरा चमचा उचलला. भाऊ दारात उभा होता. बायकोचा उघडा चेहरा बघून तो तसाच तिथे खाली बसला.

त्यानंतर आबा जगले तितकी वर्षं त्यांची सगळी औषधं तिच्याच हातून झाली. हळूहळू त्यांना दोन-चार शब्द यायला लागले. तिला ते 'माय' म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ती चमचा खाली ठेवून परसात गेली आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आली.

औषध कडू असेल तर ती कडूच सांगायची. माझी नीला सुट्टीत रावेरला तापाने पडली तेव्हा मी "गोड आहे गं, सरबतासारखं" म्हणून विनवत होते आणि ती थुंकत होती. वहिनीने बाटली घेतली. "लई कडू शे. मग गूळ दिसू तुले." नीला मुकाट प्यायली आणि गुळासाठी हात पुढे केला. मला म्हणाली, "आई, मामीच देऊ दे."

आणि मग वहिनीचाच घसा बंद झाला. जळगावच्या डॉक्टरांनी भाऊला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. मी रजा टाकून गेले. आधी भाकरी सुटली, मग पेज, मग दूधही उतरेना. ती कधी कुरकुरली नाही. भाऊला मात्र ते सोसवेना. सतत वाटी-चमचा घेऊन तिच्या उशाशी. एका दुपारी तो म्हणाला, "एवढं घे. माझ्यासाठी घे." तिने मान हलवली. त्याने चमचा तिच्या दातांशी टेकवला आणि मी त्याचं मनगट धरलं. वहिनी कष्टाने म्हणाली, "ताई, ओठ ओले कर फक्त." मी पाण्यात कापूस बुडवला आणि तिच्या ओठांवरून फिरवला. भाऊने थोड्या वेळाने तो माझ्या हातातून घेतला. पुढे तोच करत राहिला, न सांगता, न विचारता, अगदी हलक्या हाताने.

परवा पुन्हा रावेरला जाऊन आले. अंगणात केळीच्या पानांचा तोच वास होता, घर स्वच्छ होतं, शेजारची बाई दोन वेळचं करून जाते. भाऊला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. जेवण झाल्यावर त्याने ती जिभेवर ठेवली, पितळी पेल्यातलं पाणी पिऊन संपवलं, आणि समोर अंगणात बघत रिकामा पेला डाव्या बाजूला, मागे धरला. तिथे कुणीच नव्हतं. पेला तसाच हवेत राहिला. मी उठून तो घेतला. भाऊने वळून पाहिलं नाही.